पोरांचा मातीचा प्रयोग



जादा पाण्याने चांगली उसाची रानं क्षारपड होतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मग कोणी पावडर विकायला येतो. ती निचऱ्याच्या तुकड्यात टाकतो, शेजारच्या खोलगट तुकड्याकडे बोट दाखवतो अन् म्हणतो, "बघा फरक!" फरक पावडरीचा की निचऱ्याचा? हे विचारायची सवय पोरांना शाळेतच लागावी, असे आम्हांस वाटते.

उदाहरण रेवदंड्याचे घेऊ. अलिबाग तालुक्यात कुंडलिका समुद्राला मिळते तिथले हे गाव. इकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, तिकडे खाडीकाठची खारजमीन. बांध घालून भरती अडवली तरी उन्हाळ्यात मीठ वर येते. पावसाने धुतले जाते, म्हणून खारात भात पिकतो. (खाऱ्या रानात तगणारी भाताची वाणं रायगड जिल्ह्यातल्याच पनवेलच्या संशोधन केंद्राने काढली आहेत.)

मिठाने बी उगवत नाही का, असे विचारले की पोरं एका डब्यात वाडीची माती घेतील, दुसऱ्यात खारातली, अन् मूग पेरतील. पण एक माती रेताड, दुसरी चिकण. मग दोष मिठाचा कशावरून?

म्हणून माती एकच घ्यावी, खारातली. ढेकळं फोडून सगळी एकजीव करावी आणि निम्मी निम्मी वाटावी. एक वाटा फडक्यात घालून गोड्या पाण्याने चारदा धुवावा. दुसरा तसाच ठेवायचा नाही. तोही चारदाच, तेवढ्याच पाण्याने, पण खाडीच्या पाण्याने धुवायचा. खरी मेख इथेच आहे. धुण्याने मातीची घडण बदलते, ती दोन्हीकडे सारखीच बदलली पाहिजे.

पुढे सुकवून, भोकं पाडलेले सारखे दहा डबे भरावेत, पाच-पाच. प्रत्येकी दहा मूग, एकाच खोलीवर. गोडे पाणी मापून. एकेकच डबा ठेवला अन् उंदराने उकरला तर सगळेच मुसळ केरात. कुठला डबा उन्हाकडे ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आपल्या मनाने नव्हे. चिठ्ठीची ही रीत विलायतेत रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रावर फिशरसाहेबांनी रुजवली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी डॉ. पानसे यांच्यासह शेती-संशोधकांसाठी याच हिशेबांचे पुस्तक १९५४ साली लिहिले.

सातव्या दिवशी कोंब मोजायचे, हे पेरणीआधीच वहीत लिहावे. नाहीतर मनासारखा आकडा दिसेस्तोवर दिवस पुढे ढकलले जातात. मोठी माणसंही तेच करतात.

आपल्या क्षारपड रानातली माती घेतली तर खाडीच्या पाण्याऐवजी मीठ विरघळवलेले पाणी वापरावे. चोपण माती मात्र नुसती धुऊन सुधारत नाही, तिला जिप्सम लागते. तो वेगळा प्रयोग. त्यात दोन्ही वाटे गोड्या पाण्यानेच धुवायचे, फरक फक्त जिप्समचा.