अपरिहार्यतेची जन्मतारीख

युद्ध अपरिहार्य होते असे राज्यकर्ते सांगू लागले, की त्या अपरिहार्यतेची जन्मतारीख विचारावी. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचीनमध्ये उतरल्या आणि अमेरिकेने जपानचा तेलपुरवठा तोडला. जपानचे बहुतांश तेल तिथूनच येई. साठा आटण्यापूर्वी डच ईस्ट इंडीजमधील तेलविहिरी हस्तगत करणे भाग. त्यासाठी अमेरिकन आरमाराचा अडसर दूर करणे भाग. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. हिशेब बिनचूक दिसतो खरा! परंतु एवढे तेल लागत होते कशासाठी? मुख्यतः १९३७ पासून चीनमध्ये चिघळलेल्या युद्धासाठीच. तेथून सैन्य मागे घेण्याचा मार्ग उरला होता. ऑक्टोबरमध्ये युद्धमंत्री तोजो यांनी तो धुडकावला. कोनोए मंत्रिमंडळ कोसळले आणि तोजोच पंतप्रधान झाले.