झाड वाढायचे कधी थांबते?

आमचे म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यात. इथे चार माणसे बसली की गोष्ट मिरची, पपई, केळी आणि कापसावर येते. मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचे. पण वाढलो शेतकऱ्याच्या घरात. त्यामुळे एक प्रश्न लहानपणापासून सोबत आहे : किती मोठे व्हायचे, हे झाडाला कोण सांगते?

मी शाळेत असताना एका वर्षी पावसाने ओढ दिली. मिरचीची रोपे वीतभरच राहिली. अब्बांना वाटले, रोपे उपाशी आहेत. थोडी भुरभुर झाली तसा त्यांनी उसनवारीने आणलेला युरिया टाकला. पुन्हा ऊन तापले, पानांच्या कडा करपल्या आणि अर्धे शेत गेले. त्या वर्षी अम्मीच्या पाटल्या गहाण पडल्या. "मी खायला घातले, तरी रोपे गेली," असे अब्बा पुढे कितीतरी वर्षे म्हणत.

याचा उलगडा मला फार उशिरा, वाचनातून झाला.

पान मोठे होते ते दोन मार्गांनी. आधी पेशींची संख्या वाढते, मग एकेक पेशी पाणी घेऊन फुगते. केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे, हे निरोप पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनांना प्रोटीन कायनेज म्हणतात. त्यांचे काम शिक्का मारण्याचे. ती दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतात. शिक्का बसला की ते प्रथिन कामाला लागते किंवा काम थांबवते. तो शिक्का पुसणारी प्रथिनेही असतात. माणसात अशी सुमारे ५०० कायनेज आहेत, तर मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपात सुमारे १०००! जागचे हलता न येणाऱ्याला निर्णय जागीच घ्यावे लागतात.

यातले एक कायनेज म्हणजे टॉर. त्याची गोष्ट सुरू होते पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर. तिथून १९६४ साली नेलेल्या मातीतल्या जिवाणूत रॅपामायसिन हे द्रव्य सापडले. ते शोधणाऱ्यांत सुरेन सहगल हे आपल्या उपखंडात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. हे द्रव्य पेशीची वाढ रोखते. कोणाला धरून रोखते, हे १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे यीस्टवरच्या प्रयोगांतून कळले. तेच हे टॉर.

वनस्पतीतही टॉर असते, आणि त्याच्यावाचून बीजातला गर्भ पुढे वाढत नाही, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवले. २००७ साली त्यांनी टॉरचे प्रमाण बदलून पाहिले. ते वाढवले तेव्हा पाने आणि मुळे मोठी झाली, घटवले तेव्हा लहान राहिली. पेशीत साखर आणि शक्ती पुरेशी असेल तर टॉर वाढीला परवानगी देते. शक्ती कमी पडली की स्नर्क-१ नावाचे दुसरे कायनेज जागे होते आणि खर्च आवरते घेते.

पाण्याचे काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेही स्पष्ट केले. दुष्काळात रोपात अॅब्सिसिक आम्ल वाढते. त्याच्या इशाऱ्यावर स्नर्क-२ ही कायनेज टॉरच्या जोडीदार प्रथिनावर शिक्का मारतात आणि टॉर मंदावते. पाणी मुबलक असताना उलटे घडते. तेव्हा टॉरच दुष्काळाच्या इशाऱ्याला दाबून ठेवते. एकाचा हात वर, तर दुसऱ्याचा खाली.

म्हणजे आमची मिरची भुकेने खुंटली नव्हती. पाणी नाही हे ओळखून तिने स्वतःच वाढ आवरली होती. पाने लहान ठेवली तर पाणीही कमी उडते. कोरड्या मातीत पडलेल्या खताच्या क्षाराने मुळांना उरलेसुरले पाणीही घेऊ दिले नाही.

रोप खुंटलेले दिसले की आजही आपला हात आधी खताच्या गोणीकडे जातो. आधी मूठभर माती उकरून ओल पाहावी. कधी कधी रोप वाढत नसते, तेव्हा ते जगण्याची तजवीज करत असते. अब्बा आज असते, तर एवढेच त्यांना सांगितले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)