काश्मीरला निघालात? बंदुकांचं काय?

होसकोटेच्या आमच्या मराठी मंडळींत काश्मीरचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: 'पावलोपावली जवान असतात, मुलं घाबरणार नाहीत ना?' अहो, देवनहळ्ळीच्या विमानतळावर दारातच सीआयएसएफचा जवान रायफल घेऊन उभा असतो. ट्रॉली ढकलत पुढे जाताना कोण बघतं त्याच्याकडे? कंदाहार विमान अपहरणानंतर, २००० साली जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे येऊ लागली, नजर सरावली. दल सरोवराकाठी मात्र तीच रायफल खुपते.

पण २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा, बंगळूरचेही होते. त्या कुरणात तेव्हा जवान तैनात नव्हते. आता प्रश्न उलटा येतो: 'तिथे बंदोबस्त आहे ना?' मला हाच प्रश्न रास्त वाटतो.

आणि हो, चौक्यांचे फोटो काढू नका.