शॅमेलिऑन पाळायचा विचार आहे? प्राण्याआधी पिंजरा का तयार हवा?

रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा शॅमेलिऑन रील्समध्ये पाहिला की तो पाळावा असं अनेकांना वाटतं. अमेरिका आणि युरोपात तो पेट शॉपमध्ये मिळतोही. पण कुत्र्या-मांजरासारखा तो घराशी जुळवून घेत नाही. ऊन, पाणी, हवा यातलं काहीही चुकलं तर तो आजारी पडतो आणि आजार शेवटपर्यंत लपवतो. म्हणूनच खरी तयारी तो घरी येण्याआधी करावी लागते.

भारतात शॅमेलिऑन पाळता येतो का?

भारतात आढळणारा शॅमेलिऑन म्हणजे घोयरा सरडा. कुंपणावर दिसणारा नेहमीचा सरडा वेगळा. घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे.

पाळल्या जाणाऱ्या परदेशी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात. अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश २.०' पोर्टलवर करणं भारतात २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे कागदपत्रांशिवाय कोणी शॅमेलिऑन विकत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

परदेशात राहणाऱ्यांनीही आधी स्थानिक कायदा पाहावा. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या हवाई राज्यात बाहेरून शॅमेलिऑन आणायला मनाई आहे.

पिंजरा कसा असावा?

नवशिके बहुतेकदा येमेन आणि सौदी अरेबियातला 'व्हेल्ड शॅमेलिऑन' निवडतात. पूर्ण वाढलेल्या नरासाठी साधारण २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच पिंजरा लागतो. हा झाडावर राहणारा प्राणी असल्यामुळे उंची महत्त्वाची. जाळीच्या पिंजऱ्यात हवा खेळती राहते. आत आडव्या-तिरक्या फांद्या आणि लपायला दाट पानांची, बिनविषारी झाडं हवीत.

एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवावा. दुसरा नुसता समोर दिसला तरी त्याला ताण येतो.

दोन प्रकारचे दिवे कशासाठी?

एक दिवा उबेसाठी. त्याच्याखालच्या फांदीवर तापमान साधारण ३० अंश सेल्सिअस असावं आणि बाकीचा पिंजरा थंड राहावा. म्हणजे प्राणी हवी तशी जागा बदलू शकतो.

दुसरी यूव्हीबी किरणांची ट्यूब. या किरणांमुळे शरीरात ड ३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या मदतीने कॅल्शियम शोषलं जातं. ते कमी पडलं की हाडं मऊ होऊन वाकतात. गंमत म्हणजे ट्यूब जुनी झाली तरी उजेड देत राहते, यूव्हीबी मात्र कमी झालेलं असतं. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावीच लागते. रात्री सगळे दिवे बंद ठेवावेत.

पाणी आणि खाणं

शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ फवारणी करावी लागते. मधल्या वेळात पानं सुकली पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते.

खाणं म्हणजे जिवंत किडे, मुख्यतः रातकिडे. या किड्यांना आधी पौष्टिक भाजीपाला खाऊ घालतात आणि देताना वरून कॅल्शियमची पूड भुरभुरतात. घरात रातकिड्यांचा डबा चालणार आहे का, हे कुटुंबाला आधीच विचारलेलं बरं.

मादी असेल तर आणखी एक तयारी लागते. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. खणायला ओलसर वाळूचं खोल भांडं मिळालं नाही, तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते.

त्याला हातात घेता येतं का?

क्वचितच. शॅमेलिऑन पाहण्याचा प्राणी आहे, खेळवण्याचा नाही. त्याचा रंग आजूबाजूच्या रंगाप्रमाणे बदलतो हा गैरसमज आहे. तापमान, ताण आणि समोरचा प्रतिस्पर्धी यांनुसार तो बदलतो. हातात घेतल्यावर गडद होणं हे बहुधा भीतीचं लक्षण असतं.

खोल गेलेले डोळे हे पाणी कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. दिवसा मिटलेले डोळे म्हणजे तातडीने डॉक्टर. सगळेच पशुवैद्यक सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करत नाहीत. म्हणून असा डॉक्टर आधीच शोधून ठेवावा.

मग सुरुवात कुठून करायची?

रिकामा पिंजरा दिवे आणि फवारणीसह आठवडाभर चालवून पाहावा. तापमान आणि आर्द्रता रोज मोजून लिहून ठेवावी. आकडे स्थिर राहिले, तरच प्राणी आणावा. रिकाम्या पिंजऱ्यातली चूक सुधारता येते. आत शॅमेलिऑन असताना तीच चूक त्याच्या जिवावर बेतू शकते.