कॉफी भाजण्याचा लहान धंदा : यंत्राआधी तराजू

कॉफी आणि मुसलमान यांचे नाते जुने आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी ती पीत. हजहून परतताना हजरत बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या चंद्रगिरी डोंगरावर लावल्या, असे परंपरा सांगते. आज भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते. पूर्वी मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाकडेच द्यावा लागे. 1996 पासून ते बंधन पूर्ण उठले. आता लहान व्यापारीही थेट मळेवाल्याकडून पोते-दोन पोती कच्ची कॉफी घेऊ शकतो.

त्यामुळे कॉफी भाजून विकण्याचा विचार आपले काही तरुण करू लागले आहेत. धंदा चांगला आहे. परंतु बहुतेक जण पहिल्याच दिवशी भाजण्याच्या मोठ्या यंत्राची किंमत विचारतात आणि त्यासाठी कर्जाच्या मागे लागतात. हा क्रम उलटा आहे.

तराजू आणि घट

आम्हा कापडवाल्यांना आटणारे कापड ठाऊक असते. धुतल्यावर किती आटेल हे न पाहता जो भाव ठरवतो, तो एक तर स्वतः बुडतो किंवा गिऱ्हाइकाला बुडवतो. कॉफीचेही तसेच आहे. कच्च्या बीत दहा ते बारा टक्के ओलावा असतो. भाजताना तो उडतो, सालही जाते. मध्यम भाजणीत साधारण 15 टक्के वजन घटते, काळपट भाजणीत 20 टक्क्यांपर्यंत. समजा, कच्चा माल 600 रुपये किलोने घेतला. मध्यम भाजल्यावर हातात 850 ग्रॅम राहिले, म्हणजे भाजलेला किलो 706 रुपयांना पडला. काळपट भाजला तर 750 रुपयांना. गॅस, मजुरी, पिशवी वेगळीच.

म्हणून पहिले साधन तराजू. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा घ्यावा. ज्यावर माल विकणार, तो वैधमापन खात्याकडून तपासून मुद्रांकित केलेला असलाच पाहिजे. प्रत्येक घाण्याचे आधीचे आणि नंतरचे वजन वहीत लिहावे.

भाजण्याचे भांडे

शिकण्यासाठी घरची जाड लोखंडी कढई पुरे. एका वेळी दोनशे ग्रॅम बी घ्यावी आणि लाकडी उलथन्याने सतत हलवावे. हात थांबला की एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते. पुढची पायरी म्हणजे गॅसवर हाताने फिरवायचा पिंप. त्यात आच सगळीकडे सारखी लागते.

विक्री सुरू झाल्यावर एक किलोचे यंत्र पाहावे. एक घाणा 12 ते 15 मिनिटांत उतरतो. भरणे आणि गार करणे धरून तासाला तीन घाणे होतात. रोज चार तासांत 12 किलो कच्चा माल, म्हणजे सुमारे 10 किलो तयार कॉफी. एवढी रोज खपत नसेल, तर मोठे यंत्र कशासाठी?

उष्णतामापक, घड्याळ आणि कान

लांब सळईचा डिजिटल उष्णतामापक अवश्य घ्यावा. सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या आसपास बी लाहीसारखी तडतडते. हा पहिला तडतडाट. तो संपल्यावर लवकर उतरवली तर हलकी ते मध्यम भाजणी होते. 225 अंशांच्या पुढे दुसरा, बारीक तडतडाट ऐकू येतो. तेथून बी काळपट आणि तेलकट होते, आणि करपायला वेळ लागत नाही.

गार करणे आणि धूर

भांडे उतरवले तरी बी आतल्या उष्णतेने भाजतच राहते. तीन-चार मिनिटांत गार झाली पाहिजे. घरी दोन मोठ्या चाळण्या आणि टेबलफॅन चालतो. दुकानात खालून हवा ओढणारे जाळीचे ताट लागते. धुरासाठी धुराडे आणि सालीसाठी वेगळा डबा हवा. साल कागदासारखी पेटते, म्हणून डबा रोज रिकामा करावा आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. घाणा चालू असताना यंत्र सोडून जाऊ नये. नमाजची वेळ पाहूनच घाणा टाकावा.

साठवण, दळण, पिशवी

कच्च्या मालाची पोती कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत. कॉफीला चक्की स्वतंत्र हवी. मसाल्याच्या चक्कीत दळली तर जिऱ्या-मिरचीचा वास येणारच. ताज्या भाजलेल्या बीतून वायू निघतो, म्हणून झडपेची पिशवी आणि पिशवी बंद करण्याचे यंत्र घ्यावे. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. चिकोरी मिसळली असेल तर तिची टक्केवारी पिशवीवर छापणे बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही.

खरी परीक्षा येथेच आहे. ज्याने घट आधी मोजली नाही, त्याला महिनाअखेरीस नुकसान दिसते. मग चिकोरी थोडी वाढवावी, जुना माल नव्यात मिसळावा, असा मोह होतो. कोरडे धान्य वर आणि ओले खाली ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी टोकले होते, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्याने घट धरून भाव ठरवला, त्याच्यावर ही पाळी येत नाही.

तेव्हा सुरुवात तराजू, कढई, उष्णतामापक, चाळण्या आणि वहीपासून करावी. दोन-तीन महिने ओळखीच्या घरी कॉफी पाजावी, काय आवडते ते लिहून ठेवावे. नोंदणी करून विक्री सुरू करावी आणि नफ्यातूनच यंत्र घ्यावे. व्याजाच्या पैशावर आणलेले यंत्र रिकामे उभे राहिले तरी हप्ता थांबत नाही. इन्शाअल्लाह, हलाल रोजीत बरकत येईल.