हवेतले आवाज – भाग ९ : शहराचा कानोसा

न्यू जर्सीत मावसभावाकडे महिनाभर राहिलो होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या बाईंनी एका संध्याकाळी कॉफीला बोलावलं. स्वयंपाकघरात फ्रिजवर, पावाच्या डब्याशेजारी, एक काळं यंत्र ठेवलेलं होतं. वर वीतभर एरियल, पुढे छोटी काच आणि तिच्यात भराभर पळणारे आकडे. आवाज काही नाही. मला वाटलं, जुनं घड्याळ असेल.

गप्पा चालू असताना त्या यंत्रातून दोन सूर आले. पहिला आखूड, सेकंदाभराचा. दुसरा लांब, तीनेक सेकंदांचा. बाई वाक्य अर्धवट सोडून थांबल्या, हात किटलीवर तसाच. मग एक शांत बाईमाणसाचा आवाज आला : अमुक रस्ता, अमुक घर, तळघरात धूर. वरच्या मजल्यावरून धाडधाड पावलं उतरली, दार आपटलं, गाडी सुरू झाली. त्यांचा नवरा गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक होता. बाईंनी यंत्राचा आवाज किंचित वाढवला आणि कॉफी ओतली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं बोलत होतो, पण त्यांचा एक कान फ्रिजकडे होता. शेवटी त्यातून नवऱ्याचाच आवाज आला. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकलेली लव जळाली होती, बाकी सगळं ठीक. तेव्हा कुठे त्यांनी दुसरं बिस्किट उचललं.

ते यंत्र म्हणजे स्कॅनर. गेल्या आठवड्यात आपण हवेत बोलणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींची ओळख करून घेतली. आज जे फक्त ऐकतात त्यांच्याविषयी. हा छंद मुख्यतः अमेरिकेचा. तिथल्या अग्निशामकांपैकी निम्म्याहून जास्त जण बिनपगारी स्वयंसेवक आहेत, हे लक्षात घेतलं की तो इतका घरगुती का आहे ते उमगतं. ते दोन सूरही त्या गावच्या दलाची खूण होती. दर दलाला सुरांची वेगळी जोडी दिलेली असते आणि तीच जोडी वाजली की त्या दलाच्या माणसांचे पेजर उघडतात. गावातल्या बायकापोरांना आपली जोडी देवळातल्या घंटेसारखी पाठ असते.

या ऐकण्याची सुरुवात पोलिसांपासून झाली. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ साली गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून निरोप पाठवायला सुरुवात केली. निरोप एकतर्फी होता. ठाण्यातलं बोलणं गाडीत ऐकू यायचं, पण गाडीतल्या शिपायाला उत्तर द्यायचं तर उतरून टेलिफोन गाठावा लागायचा. दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी यंत्रणा १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्याच बेयोन गावच्या पोलिसांनी बसवली. हे निरोप मध्यम लहरींच्या पट्ट्याला लागूनच, थोडे वर चालायचे. म्हणजे घरातल्या साध्या रेडिओचा काटा थोडा पुढे सरकवला की पोलीस ऐकू यायचे. तिसाच्या दशकातल्या कित्येक घरगुती रेडिओंच्या तबकडीवर तर 'पोलीस' असं छापलेलंच असायचं. घरात बसून लोकांनी ऐकणं हे चोरून ऐकणं आहे, असं तेव्हा फारसं कुणी मानत नव्हतं.

या ऐकण्याचं मोल ज्यानं पुरेपूर ओळखलं तो न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आर्थर फेलिग. जग त्याला वीजी या नावानं ओळखतं. १९३८ मध्ये त्यानं आपल्या मोटारीत पोलीस रेडिओ बसवण्याची परवानगी मिळवली. डिकीत कॅमेऱ्याचं सामान, बल्ब आणि टंकलेखन यंत्र. रात्रभर गाडीत बसून ऐकायचं आणि खून, आग, अपघात जिथे असेल तिथे पोहोचायचं, कधी कधी पोलिसांच्याही आधी. त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या रात्री आज आपल्याला दिसतात त्या बऱ्याचशा या माणसाच्या कानांमुळे.

पुढे १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी एफएमचा वापर सुरू केला. आवाज स्वच्छ झाला, पण साध्या रेडिओवरून निघून गेला. आता ऐकायला वेगळं यंत्र हवं. सुरुवातीच्या यंत्रांत दर फ्रिक्वेन्सीसाठी एक क्रिस्टल विकत आणून खोबणीत बसवावा लागायचा. पोलिसांचा एक, अग्निशमन दलाचा एक, रेल्वेचा एक. यंत्र एकामागून एक खोबणी तपासत जायचं आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबायचं. म्हणूनच नाव स्कॅनर. सत्तरच्या दशकात इंडियानातल्या इलेक्ट्रा कंपनीनं क्रिस्टलशिवाय चालणारा 'बेअरकॅट' काढला आणि फ्रिक्वेन्सी बटणांनी भरता येऊ लागल्या. पुढे हे नाव जपानच्या युनिडेन कंपनीकडे गेलं. आजचा स्कॅनर एका सेकंदात शंभरापर्यंत चॅनल चाळतो. फ्रिजवरच्या काचेतले आकडे पळत होते ते यामुळे. त्याला गप्प ठेवतं ते स्क्वेल्चचं बटण. कुणी बोलत नसताना हवेत जी खरखर असते, ती ते दाबून धरतं.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकी पोलिसांचं 'टेन-फोर' तुम्ही सिनेमात ऐकलं असेल, म्हणजे 'समजलं'. आधी 'टेन' कशाला? जुन्या गाड्यांतल्या ट्रान्समीटरला बटण दाबल्यावर जोर धरायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात बोललेला पहिला शब्द हवेत पोहोचायचाच नाही. म्हणून पहिला शब्द असा ठेवला, की तो बुडाला तरी चालेल. यंत्राची एक अडचण भाषेत कायमची बसली.

कायद्यानं या छंदाला एक साधी चौकट दिली होती. १९३४ च्या दळणवळण कायद्याचं मूळ सूत्र असं : हवेतून कानावर आलेलं दुसऱ्याला सांगत सुटू नका आणि स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नका. ऐकणं आणि सांगणं यांतला हा फरक जुन्या श्रोत्यांनी व्रतासारखा पाळला. पण ऐंशीच्या दशकात मोबाइल फोन आले. ते ॲनालॉग होते आणि स्कॅनरवर सरळ ऐकू यायचे. आता कानावर पडत होती ती कुणाच्या तरी बायकोशी, डॉक्टरशी, सावकाराशी चाललेली बोलणी. १९८६ च्या कायद्यानं हे ऐकणंच गुन्हा ठरवलं. १९९२ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि एप्रिल १९९४ पासून मोबाइलचा पट्टा पकडणारे स्कॅनर बनवायला बंदी आली. तरी २१ डिसेंबर १९९६ ला फ्लोरिडातल्या एका जोडप्यानं अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांची फोनवरची बैठक पकडली, टेप केली आणि ती टेप विरोधी पक्षाच्या खासदारापर्यंत पोहोचली. जोडप्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. टेप पुढे वृत्तपत्रांना दिली म्हणून त्या खासदारावरचा खटला मात्र जवळपास दहा वर्षं चालला. कायद्याची नजर ऐकण्यापेक्षा सांगण्यावर किती कडक आहे, ते यातून दिसतं.

राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना, केंटकी, मिनेसोटा या राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर निर्बंध आहेत, घरात नाहीत. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय असं काही ऐकणं कायद्यानं मनाईच आहे.

आता या मंडळींच्या खऱ्या कामाकडे येतो, कारण नुसतं बटण दाबून ऐकणाऱ्याला कुणी श्रोता म्हणत नाही. पूर्वी दर वर्षी 'पोलीस कॉल' नावाची निर्देशिका निघायची. जीन ह्यूज यांनी साठच्या दशकात ती सुरू केली आणि २००५ मध्ये तिची शेवटची आवृत्ती निघाली. आपल्याकडे दिनदर्शिका घ्यावी तशी लोक ती रेडिओच्या दुकानातून न्यायचे. कुठल्या शहरात कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे सगळं त्यात असायचं. मग ट्रंकिंग आलं आणि नुसती यादी पुरेनाशी झाली.

ट्रंकिंग समजायला बँक डोळ्यांसमोर आणा. पूर्वी दर खात्याची खिडकी वेगळी होती. पोलिसांच्या खिडकीवर गर्दी आणि शेजारी रस्तेदुरुस्तीची खिडकी रिकामी. ट्रंकिंगमध्ये सगळ्यांची रांग एक, आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्याचा टोकन नंबर लागतो. पोलिसाचं एक वाक्य एका फ्रिक्वेन्सीवर, त्याचं उत्तर दुसरीवर. साध्या स्कॅनरवर एक वाक्य चोराचं ऐकू येई, पुढचं कचऱ्याच्या गाडीचं. टोकन नंबर सांगणारा एक कंट्रोल चॅनल असतो. तो वाचून संभाषणाच्या मागे धावणारा स्कॅनर युनिडेननं १९९७ मध्ये आणला. त्यात फ्रिक्वेन्सीऐवजी 'टॉकग्रुप'चा, म्हणजे आपापसांत बोलणाऱ्या गटाचा, आकडा दिसतो. पण तो आकडा कुणाचा, हे सांगणारं कुणी नसतं.

इथे गावोगावच्या श्रोत्यांची चिकाटी दिसते. एक अनोळखी आकडा लागला की तो वहीत टिपायचा, वेळेसकट. मंगळवारी पहाटे पाचला लागतो, बर्फ पडलं की दिवसभर लागतो, कुणीतरी 'मीठ संपलं' म्हणतं. मग तो बर्फ काढणाऱ्या गाड्यांचा. दुसऱ्याच्या वहीत हाच आकडा असेल तर ताडून पाहायचं, पुरावा पक्का झाल्याशिवाय यादीत चढवायचं नाही. शिकागो परिसरात तर शिकागो एरिया रेडिओ मॉनिटरिंग असोसिएशन ही त्यांची स्वतःची संघटना आहे. निवृत्त अग्निशामक, ट्रकचालक, कॉलेजची पोरं, वृत्तपत्रांचे छायाचित्रकार असे एकमेकांशी एरवी कधी न बोलणारे लोक या वह्यांमुळे एका टेबलाशी येतात. आपल्याकडे पक्षीनिरीक्षक असेच जमतात आणि तसेच भांडतातही.

ऐकलेलं सांगत न सुटण्याचं ते व्रत मोडलं तर काय होतं, ते १९ एप्रिल २०१३ च्या पहाटे दिसलं. बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटातल्या संशयितांचा शोध वॉटरटाउनमध्ये चालला होता आणि हजारो लोक इंटरनेटवरून पोलिसांचा रेडिओ ऐकत होते. कित्येकांना स्कॅनर कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. ते ऐकलेलं लगेच समाजमाध्यमांवर टाकत होते. कुठल्या घराची झडती चालू आहे ते जाहीर करून पोलिसांचा जीव धोक्यात घालू नका, असं बोस्टन पोलिसांना ट्विटरवरून सांगावं लागलं. त्याच रात्री भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव 'स्कॅनरवर ऐकलं' म्हणून पसरलं. नंतर ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा पोलिसांनी ते नाव उच्चारल्याचा कुठलाही पुरावा सापडला नाही. तो मुलगा स्फोटात नव्हताच. काही दिवसांनी त्याचा मृतदेह मिळाला. त्याच्या घरच्यांनी त्या रात्री जे सोसलं ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. दोष रेडिओचा नव्हता. न ऐकलेलं सांगणाऱ्यांचा होता.

आणि आता ऐकण्याची ही खिडकीच बंद होत चालली आहे. डिजिटल यंत्रणेत सांकेतीकरण एका बटणावर येतं. डेन्व्हरनं २०१९ मध्ये पोलिसांचं बोलणं लोकांसाठी बंद केलं, न्यूयॉर्कनं २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. शिकागोत पोलिसांचं बोलणं अर्धा तास उशिरानं लोकांना ऐकवतात. पोलिसांची बाजू खोटी नाही. गुन्हेगारही ऐकतात, आणि एखाद्या बाईचं नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक साऱ्या गावानं का ऐकावा? पण सगळंच बंद केलं की आग कुठे लागली, रस्ता का अडला, गोळीबार खरा की अफवा, हे कळायला लोकांकडे अधिकाऱ्यांच्या निवेदनाशिवाय काही उरत नाही.

मला पालो आल्टोचा रस्ता पटतो. कॅलिफोर्नियातल्या या गावानं जानेवारी २०२१ मध्ये पोलीस रेडिओ बंद केला आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडला. खासगी माहिती पोलिसांनी वेगळ्या मार्गानं द्यायची, रोजचं बोलणं लोकांना ऐकू द्यायचं. जिथे गावच स्वतःची आग विझवतं, तिथे गावाच्या कानावर पडदा टाकणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं. आपल्या आजोबांना साधा रेडिओ ऐकायलाही टपाल कार्यालयात परवान्याचं पुस्तक भरावं लागायचं. ते गेलं, पण १९३३ च्या वायरलेस कायद्याचं तत्त्व कायम राहिलं : बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना हवा. २०२३ चा नवा दूरसंचार कायदाही या बाबतीत सैल नाही. ऑनलाइन दुकानांतून बिनपरवाना वॉकी-टॉकी विकल्या जात होत्या, त्यावर २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली.

म्हणून कळकळीनं सांगतो. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला स्कॅनर आणायला सांगू नका, स्वस्तात मिळतो म्हणून मागवूही नका. हा लेख वाचून कान टवकारले असतील तर हौशी रेडिओ केंद्राची परीक्षा द्या. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही ती देऊ शकतं आणि खालच्या श्रेणीला मोर्स यावं लागत नाही. परवाना हातात आला की १४५.८०० मेगाहर्ट्झवर, अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना, तुमच्या घराच्या गच्चीवरून त्याचा आवाज कायदेशीरपणे ऐकता येईल. त्या परीक्षेला काय वाचायचं, ते पुढच्या आठवड्यात.