खडकवासल्याच्या काठाने पानशेत

पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला धरण गाठले की पुढचा बराचसा रस्ता जलाशयाच्या दक्षिण काठाने पानशेतकडे जातो. स्वारगेटपासून जाऊन-येऊन साधारण 80 किलोमीटर होतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे एका दिवसात सहज जमते. नवख्याने धरणावरूनच परतावे.

निघायचे ते पहाटेच. शनिवार-रविवारी सकाळ कलली की धरणाच्या चौपाटीवर भजी-कणसांच्या गाड्यांभोवती मोटारींची गर्दी होते आणि सायकलीला जागा उरत नाही. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर राहते, हा आणखी एक फायदा. पलीकडच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर, तर डावीकडे सिंहगड. गडाचा फाटा मात्र टाळावा, तो चढ स्वतंत्र दिवस मागतो.

टोकाला पानशेत आणि वरसगाव ही दोन धरणे जवळजवळ आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात महापूर आला, ते हेच.

पंक्चरचे सामान, हेल्मेट, जादा ट्यूब आणि दोन बाटल्या पाणी सोबत हवे. पावसाळ्यात कडेला शेवाळ साचते, तेव्हा ब्रेक जपून लावावेत. जलाशयात पोहायला मात्र कोणीही उतरू नये.